पाकग्रंथांतील हिवाळा

कादंबरी प्रसिद्ध होऊन चार महिने झाले नाहींत तोंच तिच्या गुणदोषांची चर्चा सुरू होते. परंतु जें पुस्तक तीन-तीन पिढ्या चुलीशेजारीं राहिलें, ज्याचीं पानें हळदीच्या बोटांनीं पिवळीं पडलीं तरी जें रद्दींत गेलें नाहीं, त्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याचें आपल्या टीकाकारांच्या क्वचितच मनांत येतें. वास्तविक पाकग्रंथ हाहि एक वाङ्मयप्रकारच होय. त्याला स्वतःचा घाट आहे, स्वतःचीं गृहीतें आहेत, आणि म्हणून त्याला मर्यादाहि आहेत. त्या मर्यादा कोठें दिसूं लागतात हें पाहावयाचें असेल, तर लातूर व नांदेड या जिल्ह्यांतील हिवाळ्याच्या शाकाहारी अन्नाची कसोटी त्याला लावून पाहावी.

या मुलखाला पाकवाङ्मय नवें नाहीं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इसवी सन ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांतील 'अन्नभोग' या प्रकरणांत मांड्यांपासून मांसापर्यंत नाना पदार्थांची माहिती आहे. आणि त्या राजाची कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाहीं. पण तो ग्रंथ राजाच्या उपभोगाचा. मराठी मुद्रित पाकग्रंथांची परंपरा १८७५ सालच्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'पासून धरतात. पुढें हजार पाकक्रियांचें लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' आलें, आणि १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' आलें. ओगलेबाईंचें मोठेपण त्यांच्या मापांत आहे. 'अंदाजानें' या शब्दाच्या जागीं त्यांनीं वाटी आणि चमचा आणून ठेवला. आई व सासू या दोघींपासून दूर, परक्या शहरांत दोन खोल्यांचा संसार मांडणाऱ्या मुलीला त्या वाटीनें जो धीर दिला, तो पुष्कळ उपदेशपर ग्रंथांनाहि देतां आलेला नाहीं.

मात्र मापाचा हा विजय एका गृहीतावर उभा आहे. तें असें, कीं पदार्थ हा कोठेंहि, केव्हांहि आणि कोणालाहि करतां येतो. घरच्या अन्नाला हें बव्हंशीं लागू पडतें. थंडीच्या रात्रीं तव्यावरून थेट ताटांत पडणारी ज्वारीची भाकरी, भाजलेलीं धान्यें व मसाला दळून केलेल्या येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, भोगीच्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हें सारें लिहून ठेवतां येतें आणि लिहिल्याबरहुकूम पुण्यांत किंवा परदेशांत करतांहि येतें. गोडी थोडी उणावेल, पण पदार्थ ओळखूं येईल. अडचण उभी राहते ती उंबऱ्याबाहेरील अन्नापाशीं.

मार्गशीर्ष महिन्याच्या शेवटीं लातूर जिल्ह्यांत व नांदेडच्या दक्षिण भागांत वेळअमावास्या येते. बोलींत तिला येळवस म्हणतात. सीमेपलीकडील कानडी मुलखांत हाच दिवस 'एळ्ळ अमावास्या' म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं लातुरांत स्थानिक सुटी असते आणि शहराचे रस्ते ओस पडतात, कारण जो तो शिवाराकडे निघालेला असतो. कडब्याच्या कोपींत पांच पांडव म्हणून पांच दगड मांडून पूजा होते, पिकावर आंबील शिंपडली जाते, आणि मग झाडाखालीं पंक्त बसते. पानावर भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यांतली आंबील. भज्जी म्हणजे ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे व पावट्याचे दाणे, त्यांत हिंवाळी भाज्या, चिंचेचा कोळ आणि डाळीचें पीठ. आंबील म्हणजे ताकांतलें ज्वारीचें पीठ. ती आदल्या दिवशींच करून मुरूं द्यावयाची. हिची कृति पाकग्रंथांत सहज मावेल. पांच वाट्या हें आणि दोन चमचे तें, एवढें लिहिलें कीं झालें. पण त्या कृतीबरहुकूम भिजवलेल्या कडधान्याची भज्जी घरीं करून पाहणारास लगेच कळून येतें, कीं आपण केलेली ती एक बरी मिश्र उसळ आहे, भज्जी नव्हे.

यावर कोणी म्हणेल, कीं हा सारा भुकेचा आणि मोकळ्या हवेचा चमत्कार आहे. दोन कोस चालून गेल्यावर शिळी भाकरीहि गोड लागते. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु हुरड्याकडे पाहावें. ज्वारीच्या कणसांतला चीक घट्ट होऊं लागलेला असतो, पण त्यांतल्या साखरेचें पुरतें पिष्ट झालेलें नसतें. नेमक्या त्या थोड्या दिवसांत कणीस गोवऱ्यांच्या आगटींत भाजून हातावर चोळलें, तरच तो हुरडा. आठवड्याभरानें तेंच कणीस नुसतें धान्य होतें. म्हणजे येथें काळ आणि स्थळ हीं भोवतालची शोभा नसून मीठ-तिखटाप्रमाणें पदार्थाचे घटक आहेत. वाटीच्या मापांत तीं बसत नाहींत, म्हणून पाकग्रंथ तीं गाळतो. आणि गाळलें आहे हें सांगतहि नाहीं.

आणखी एक घटक गाळला जातो, तो म्हणजे माणूस. शेत कोणाचें, पंक्तीला कोण यजमान आणि कोण पाहुणा, हें कोणतीहि कृति विचारीत नाहीं. तो प्रश्न मराठवाड्याच्या संदर्भांत रोखठोकपणें विचारला शाहू पाटोळे यांनीं. महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरील त्यांचें 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या नांवांतच पंक्तींतल्या नेहमींच्या घोषाला उत्तर आहे. त्यांतहि कृति आहेत. पण प्रत्येक कृतीमागें ती ज्यांनीं केली त्यांचें गांवांतलें स्थान, त्यांना काय मिळालें आणि काय मिळालें नाहीं, याची जाणीव जागी आहे. तें वाचल्यावर वेळअमावास्येची पंक्त पूर्वीसारखी निरागस राहत नाहीं. वाटेवरच्या माणसालाहि बोलावून जेवूं घालण्याची रीत खरी आणि सुंदर आहे. तथापि ज्याला शेत नाहीं तो दरसाल पाहुणाच राहतो, हेंहि तितकेंच खरें आहे. शाकाहारी अन्नाच्या सात्त्विकतेचें कौतुक करणारानें त्यामागें जमीन असते हें विसरूं नये. वाङ्मय या दृष्टीनें पाहतां पाटोळे यांचें पुस्तक 'रुचिरे'हून कमी उपयोगाचें आणि अधिक महत्त्वाचें आहे.

या प्रश्नाचें एक वेगळें उत्तर नांदेडला गोदावरीच्या कांठीं रोज दिलें जातें. गुरु गोविंदसिंगजींचें निर्वाण तेथें १७०८ सालीं झालें, आणि हुजूर साहिबच्या लंगरांत येणाऱ्यास जात वा गांव न विचारतां पंक्तींत बसवतात. पौषांतल्या पहांटेच्या गारठ्यानंतर तेथें मिळणारें ऊन वरण आणि पोळी यांत पाककौशल्याचा डौल कांहीं नाहीं. परंतु तेथें कोणी कोणाचा पाहुणा नाहीं, हीच त्या अन्नाची चव आहे. उलट अलीकडे हुरड्याच्या ज्या विकतच्या सहली निघाल्या आहेत, तेथें तिकिटावर पाहुणचार मिळतो. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात म्हणून त्यांना नांवें ठेवूं नयेत. पण पैशानें कणीस मिळतें, आमंत्रण मिळत नाहीं, एवढें समजून खावें.

ही सारी चर्चा निव्वळ रुचीची असती तर ती येथेंच थांबवतां आली असती. पण आज लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठीं ओळखली जाते. उसानेंहि पुष्कळ रान घेतलें. २०१६ सालच्या एप्रिलांत त्याच लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनें आणलेलें पाणी प्यावें लागलें, आणि जमिनींतल्या मुरलेल्या ओलीवर पिकणारी रब्बीची ज्वारी मात्र मागें पडत गेली. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, त्या सन्मानानें ती शेतांत परत येत नाहीं. ज्यांच्या शेतांत आतां तूर, पावटा नाहीं, ते येळवसच्या आदल्या दिवशीं बाजारांतून शेंगा आणतात आणि दुसऱ्या दिवशीं त्याच शेतांत नेऊन भज्जीचा नैवेद्य दाखवतात. रीत टिकली आहे, कृतीहि टिकली आहे. गळालें आहे तें नेमकें पाकग्रंथानें पूर्वींच गाळलेलें शिवार.

म्हणून पुढील पाकग्रंथकर्त्यांस एकच सूचना. भज्जीच्या कृतीखालीं तीन ओळी अधिक लिहाव्यात : हे दाणे कोणत्या रानांत पिकतात, ते कोणत्या पंधरवड्यांत भरतात, आणि पंक्तीला कोणाकोणाला बोलावलें होतें. तेवढ्यानें पुस्तक फार जाड होणार नाहीं. तें न केल्यास मात्र माप अचूक राहील, आणि त्या मापानें वाटींत घालावयास घरच्या रानांतला दाणा नसेल.