कूटाची उकल आणि उत्तराची कसोटी

कोड्याचे उत्तर सापडणे आणि कोडे सुटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. उत्तर अंदाजानेही सापडते; परंतु तेच उत्तर का, दुसरे का नव्हे, हे कोड्याच्याच शब्दांतून दाखविता आले म्हणजे कोडे सुटले. संतवाङ्मयातील कूटांचे अर्थ लावताना हा भेद पुष्कळदा दृष्टिआड होतो. तो स्पष्ट करण्यास गूढ शब्दकोड्याची शिस्त साहाय्यभूत होते.

शब्दकोड्याचा आधुनिक प्रकार आर्थर विन यांनी १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातून पुढे आणला. इंग्लंडात त्याला श्लेषप्रधान व फसवे रूप लाभले. 'झिमेनीझ' या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात त्याचे नियम विशद केले. संकेतात उत्तराचा नेमका अर्थ असावा, त्याच उत्तराकडे नेणारी न्याय्य शब्दयोजना असावी आणि याखेरीज काहीही नसावे, हे त्यांचे सार होय.

मराठीत याचे उदाहरण असे योजिता येईल : 'बसे नगावरी, त्याच्या पोटी हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण (अक्षरे ४)'. 'नग' म्हणजे पर्वत. म्हणून वाचकाची दृष्टी प्रथम डोंगराकडे वळते. तो अर्थ फसवा आहे. 'पोटी' हा शब्द आधीच्या दोन शब्दांच्या आत पाहण्यास सांगतो, आणि तेथे से, न, गा, व ही अक्षरे ओळीने सापडतात. उत्तरार्धातील अर्थ 'सेनगाव' या उत्तराला दुजोरा देतो. आरंभी 'मेघ' हा शब्द घातला असता तर चित्र अधिक रम्य झाले असते. पण उत्तर सिद्ध करण्यात त्या शब्दाला काहीच काम उरले नसते, आणि कोडे सदोष ठरले असते.

मराठी कोड्यात एका घरात संपूर्ण अक्षर बसते. 'से' मधील स्वर वेगळा काढता येत नाही. त्यामुळे वर्णांच्या उलटापालटीस इंग्रजीइतका वाव नाही. तरीही 'कमल' विस्कटून लेखणीवाचक 'कलम' साधता येतेच. असा न्यायविचार आपल्या परंपरेस परका नाही. दण्डीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात सोळा प्रहेलिका सांगितल्या, आणि पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या चौदा दुष्ट प्रहेलिकांचा वेगळा निर्देश केला.

आता ज्ञानदेवांच्या नावावर सांगितले जाणारे, काट्याच्या टोकावरील तीन गावांचे कूट घ्यावे. 'तीन' म्हटले की त्रिगुण, तीन अवस्था, तीन देह यांपैकी काहीही सुचविता येते. एवढ्याने उकल होत नाही. त्या कूटात प्रत्येक वेळी तिहींपैकी दोन निकामी ठरतात आणि तिसऱ्याचे अस्तित्वच नाकारले जाते. नाकारलेल्यातूनच पुढील कुंभार, मडकी, मूग अशी साखळी निघते. दोन आणि एक असा भेद का, आणि हा क्रम का, हे न सांगणारा अर्थ केवळ संख्येचा मेळ घालतो.

याउलट, विसोबा खेचरांची कथा पाहावी. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आणि परंपरेने या भेटीचे स्थळ म्हणून सांगितले जाणारे औंढा, दोन्ही सेनगावच्याच जिल्ह्यातील. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले विसोबा नामदेवांना सांगतात, देव नसेल तेथे हे पाय ठेव. तशी जागाच नाही, हे उत्तर त्या वाक्यातूनच निघते, आणि वाक्यातला एकही शब्द वाया जात नाही.

संतांचे कूट हा खेळ नव्हे, अनुभवाला अनेक अर्थ असतात, असा आक्षेप येथे संभवतो. अनेक अर्थ मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. मात्र त्यांतील प्रत्येक अर्थाने कूटातील सर्व शब्दांचा हिशेब द्यावयास हवा. अनुभवाच्या गूढतेचा आधार घेऊन भाष्यकाराला शब्दांच्या जबाबदारीतून मुक्त होता येत नाही. ज्या अर्थात कूटातले शब्द शिल्लक राहतात, तो अर्थ कितीही उदात्त असला तरी त्या कूटाचा नव्हे, भाष्यकाराचा होय.