चित्रातला सूट आणि वऱ्हाडचा कापूस

युरोपातील जुन्या फॅशन-मासिकांत पुरुषांच्या पोशाखाची जी चित्रे छापली जात, त्यांच्याकडे कलाकृती म्हणून पाहण्याची रीत आता रूढ झाली आहे. ती अयोग्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. लंडनचे ‘टेलर अँड कटर’ हे शिंपी व्यवसायाचे साप्ताहिक १८६६ साली सुरू झाले, पॅरिसचे ‘आदाम’ १९२५ साली. अशा नियतकालिकांतील चित्रकारांचा हात खरोखरच कसलेला होता. खांद्याची उतरती रेषा, कोटाच्या कॉलरचे वळण, विजारीच्या इस्त्रीची धार ही सर्व ते दोन-चार फटकाऱ्यांत उभी करीत. लोकरीचे वजनसुद्धा त्यांना रेषेतून दाखविता येई.

तथापि या चित्रांतील माणूस पाहावा. सामान्य मनुष्याची उंची त्याच्या मस्तकाच्या साडेसातपट भरते. हे गृहस्थ आठ-नऊपट उंच असतात, आणि पावले मात्र चिमुकली. त्यांच्या हाती काठी असते, हातमोजे असतात, क्वचित सिगारेट; पण तो हात कधी कामाला लागलेला दिसत नाही. बागेत, शर्यतीच्या मैदानावर, जिन्याच्या पायरीवर ते नुसते उभे असतात. ते घामेजत नाहीत, म्हातारे होत नाहीत, आणि कोणाकडे पाहतही नाहीत. दोघे मित्र शेजारी उभे असले, तरी त्यांच्या नजरा एकमेकांना चुकवून जातात, कारण दोघांनाही आपला कोट पुढे करावयाचा असतो.

आमच्या मते या नियतकालिकांचा सच्चा भाग चित्रांत नसून कापणीच्या आराखड्यांत आहे. वाचक बहुधा ती पाने उलटून पुढे जातो. शिंपीकलेच्या त्या वाङ्मयात पोक आलेल्या माणसासाठी पाठ किती वाढवावी, पोट सुटलेल्याच्या जाकिटाला घेर कोठे द्यावा, एक खांदा खाली असेल तर काय करावे, याचे रेघारेघांनी विवेचन असते. देवाने घडविलेला, आयुष्याने वाकविलेला खरा देह तेथे भेटतो. त्या देहाची लाज न बाळगता शिंपी त्याचे माप घेतो. चित्रकाराने जे झाकले, ते शिंप्याने मापून सांभाळले. या पानांना कोणी कलाकृती म्हणत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आता वऱ्हाडातील वाचकाने या चित्रांना आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्लंडची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपुरास पोहोचला. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. ते नाव उमरावतीचे, म्हणजे आपल्या अमरावतीचेच. हा कापूस आखूड धाग्याचा. त्यातून जाडेभरडे सूत निघे. तेव्हा चित्रातील गृहस्थाच्या तलम सदऱ्यात आपले बोंड असण्याचा संभव थोडा. त्या चित्रात ज्यांना प्रवेशच नव्हता, अशा कष्टकऱ्यांच्या जाड्याभरड्या कपड्यांत ते गेले असावे, असे मानावयास जागा आहे. मासिकाने जो माणूस वगळला, त्याच्याशी आपल्या काळ्या मातीचे नाते अधिक जवळचे!

मग सूट ही आपल्याला परकी वस्तू समजावी काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. वऱ्हाडात खेडोपाडी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे आहेत, ते निळ्या सुटातले. ज्यांना अंगभर वस्त्र नाकारले गेले होते, त्यांनी त्या कोटात आपला मान पाहिला. लंडनच्या कोणत्याही चित्रकाराला हा अर्थ सुचला नसता. आणि याच वऱ्हाडात शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी चिंध्यांचे वस्त्र आणि मडक्याचे खापर हाच वेश आयुष्यभर मिरविला. सूट आणि चिंध्या यांत वैर नव्हते. बाबांनी पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, आणि १९५६ च्या डिसेंबरात दोघे चौदा दिवसांच्या अंतराने निघून गेले. दोघांनीही वेश विचारपूर्वक निवडला होता. मासिकातला गृहस्थ काहीच निवडीत नाही. त्याला ऋतू बदलला की नवा कोट चढविला जातो.

आपल्या धर्मग्रामांतील लग्नांत मात्र त्या गृहस्थाचेच राज्य चालते, असे खेदाने म्हणावे लागते. त्या काळी सुटाचे लोकरी कापड वाराला सोळा-अठरा औंस भरे. ते लंडनच्या थंडीसाठी विणलेले होते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा मिस्सेला वेदीसमोर उभा असलेला नवरदेव कोट, जाकीट आणि टाय यांत भिजून चिंब झालेला असतो. कापड आता हलके झाले, चित्र तेच राहिले. कोट पुन्हा फारसा अंगावर चढत नाही. त्यासाठी घेतलेली उसनवारी मात्र पुढच्या कापसावर जाते, आणि कापसाचा भाव काही नवरदेवाच्या हाती नसतो. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी व उंची वस्त्रे ल्यालेला मनुष्य आणि मळक्या वस्त्रांतला गरीब एकाच सभेत येतात, तेव्हा चांगली जागा कोणाला दिली जाते, हे तो प्रेषित निक्षून विचारतो. लग्नाच्या दिवशी पुढच्या बाकांवर कोण बसते, हे आपणही पाहावे.

याउलट घरोघरच्या जुन्या लग्नफोटोंना आम्ही त्या रंगीत चित्रांहून वरचे स्थान देऊ. त्यांत कोट पुष्कळदा थोरल्या भावाचा किंवा मामाचा असतो. बाह्या बोटांपर्यंत येतात, खांदे ओघळतात, कॉलरला गळ्याचे माप ठाऊक नसते. छायाचित्रकाराने ‘हलू नका’ म्हटलेले चेहऱ्यावर दिसते. पण त्या कोटात एक माणूस आहे, आणि ज्याने तो कोट दिला, तोही बहुधा त्याच फोटोत मागच्या रांगेत नुसत्या सदऱ्यावर उभा आहे.