लिहिणारी ॲन कुठे गेली?

ॲन फ्रँकच्या डायरीवर नाटक करायचं तर नेपथ्यकाराला फारसं शोधावं लागत नाही. ॲमस्टरडॅममधल्या प्रिन्सेनग्राख्त 263 इथल्या कचेरीचा मागचा भाग, पुस्तकांच्या कपाटाआड दडवलेली वाट, आठ माणसं आणि दिवसा पाऊलही न वाजवण्याची सक्ती. रंगभूमीला याहून सोयीची जागा कुठून मिळणार? पण ही सोयच रूपांतरांना नडली आहे, असं मला वाटतं. जागा हुबेहूब उभी राहते, पण तिथे बसून लिहिणारी मुलगी निसटते.

ॲन नुसती मन मोकळं करत नव्हती. मार्च 1944 मध्ये लंडनहून डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी रेडिओवरून युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा, असं सांगितलं. मे महिन्यात तिने स्वतःचीच डायरी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. काही गाळलं, काही वाढवलं, माणसांची नावं बदलली. त्याआधी, जुलै 1943 मध्ये, तिचं खोलीतल्या छोट्या टेबलावरून भांडण झालं होतं. आठवड्यातून दोन दुपारी दीडेक तास टेबल मिळावं, एवढीच तिची मागणी. खोलीत सोबत राहणारे दंतवैद्य फेफर (डायरीतले डसेल) ऐकेनात, शेवटी वडिलांना मध्ये पडावं लागलं. लेखनासाठी जागा मिळवण्याचा हा झगडा कोणत्याही नाटककाराने झडप घालून उचलावा असा आहे.

फ्रान्सेस गुडरिच आणि आल्बर्ट हॅकेट या पटकथाकार दांपत्याचं नाटक 5 ऑक्टोबर 1955 ला ब्रॉडवेवर आलं. त्याला पुलित्झर मिळालं, जगभर प्रयोग झाले. पुढच्या वर्षी जर्मनीत तर कित्येक ठिकाणी प्रेक्षक टाळ्या न वाजवता मुकाट्याने बाहेर पडले. त्या नाटकाची ताकद कुणी नाकारू नये. पण त्यात डसेल हा हशा मिळवून देणारा, ज्यू धर्मविधींचा गंध नसलेला कुरकुऱ्या झाला. प्रत्यक्षातले फेफर धार्मिक होते, आणि त्यांच्या जोडीदारीणबाईंना हे चित्रण लागलं. पाव चोरण्याचा प्रसंगही डायरीतला नाही. सगळ्यात जास्त खटकतो तो एक बदल. एप्रिल 1944 च्या नोंदीत ॲन ज्यूंच्याच वाट्याला हे दुःख का, असा थेट प्रश्न देवाला आणि जगाला करते. नाटकात तिच्या तोंडी येतं ते असं की दुःख आपल्यालाच नाही, कधी या वंशाला, कधी त्या. प्रश्नाची धार गेली आणि ऐकणाऱ्याला हायसं वाटलं. माणसाच्या चांगुलपणावरचं तिचं प्रसिद्ध वाक्यही डायरीत जग उजाड होत चालल्याच्या जाणिवेला चिकटून येतं. नाटकाने ते सोडवून घेऊन शेवटाला आणून ठेवलं.

जॉर्ज स्टीव्हन्सचा 1959 चा चित्रपट याच नाटकावर बेतलेला, म्हणून दोषही तेच. स्टीव्हन्सने 1945 मध्ये मुक्त झालेल्या डाखाऊ छावणीचं चित्रण स्वतः केलं होतं, पण चित्रपटाची गोष्ट छावणीपर्यंत जात नाही. कोंडलेल्या घरासाठी सिनेमास्कोपचा रुंद पडदा त्याला नको होता, तो स्टुडिओने लादला. मात्र एका प्रसंगात तो नाटकाच्या पुढे जातो. खाली पोलीस झडती घेताहेत आणि वर स्वयंपाकघरात मांजराचं तोंड नरसाळ्यात अडकलंय. नरसाळं टेबलाच्या कडेकडे सरकतं तसा प्रेक्षकाचा श्वास अडकतो. भीतीचं माप इतक्या क्षुल्लक वस्तूत धरणं कॅमेऱ्यालाच जमतं. मिली पर्किन्सची ॲन मात्र फार गोड आहे. डायरीतली ॲन आईबद्दल जे लिहिते, ते या चेहऱ्याला झेपणारं नाही.

पुढच्या रूपांतरांनी राहून गेलेलं बरंच भरून काढलं. वेंडी केसलमनने 1997 मध्ये जुनं नाटक दुरुस्त केलं. नाटकातलं ज्यूपण आणि ॲनची वयात येण्याची जाणीव परत आली, आणि आठांचं पुढे काय झालं तेही सांगितलं गेलं. 2001 च्या अमेरिकन मालिकेने बर्गन-बेल्झनपर्यंत सोबत केली, पण डायरीतले शब्द तिला वापरता आले नाहीत. मला सगळ्यात भावली ती बीबीसीची 2009 ची पाच भागांची मालिका. एली केंड्रिकची ॲन उर्मट, चिडखोर, चाणाक्ष आहे. ती पटकन आवडत नाही, आणि म्हणूनच खरी वाटते.

लेखिकेकडे सरळ वळले ते दोनच प्रयत्न. 2014 च्या ॲमस्टरडॅममधल्या ‘ॲन’ नाटकात ती वाचली असती तर, अशी कल्पना करून तिला पॅरिसमध्ये एका प्रकाशकासमोर बसवलं. ‘वाचली असती तर’ हे मला पटत नाही, पण तिची महत्त्वाकांक्षा तिथे निदान मध्यभागी आहे. आरी फोलमनच्या 2021 च्या ॲनिमेशनपटात, जिला उद्देशून डायरी लिहिली ती किटी शाईतून उमटून जिवंत होते. पण मग ती आजच्या निर्वासितांच्या गोष्टीत शिरते आणि ॲन पुन्हा मागे पडते. सुट्या कागदांवर स्वतःचंच वाक्य खोडून दुसरं लिहिणारी, पुस्तकाचं नाव आधीच ठरवून ठेवणारी ॲन ज्याच्या केंद्रस्थानी आहे, असं नाटक किंवा चित्रपट माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. 1944 च्या मे ते ऑगस्टमधले ते आठवडे कुणीतरी आता हाती घ्यायला हवेत.