गाडीचा ध चा मा

आमच्या कोपरगावाला बदलाचं माहात्म्य कुणी शिकवू नये. मराठ्यांच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला बदल ज्यांच्या नावावर जमा आहे, ते राघोबादादा सालबाईच्या तहानंतर आमच्याच गावी येऊन राहिले आणि १७८३ साली इथंच वारले. बदल तरी केवढा? एक अक्षर. ‘धरावे’चं ‘मारावे’. ते आनंदीबाईंनी केलं की मागाहून कुणा बखरकारानं, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. मी पडलो बँकेतला कारकून. मला त्यातून एवढंच उमगलं, की बदल डोळ्यांना लहान दिसतो म्हणून तो लहान असतोच असं नाही.

आणि याच्या उलटही खरं असतं. मध्यंतरी आमच्या शाखेचं नूतनीकरण झालं. भिंतींना रंग, काउंटरला नवी काच, खुर्च्यांना नवं कापड. पहिल्याच दिवशी पेन्शनच्या एक आजी आत आल्या, चारी बाजूंना नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "सगळं नवं केलं, मग तू कसा काय राहिलास रे बाबा?"

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मोटार. मला मोटारीचा शौक नाही. पण अण्णांच्या, म्हणजे आमच्या तीर्थरूपांच्या, डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि महिन्याच्या महिन्याला नाशिकला इंजेक्शनासाठी न्यायची पाळी आली. जाऊन-येऊन दोनशेच्या आत-बाहेर किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात ठरवलेली भाड्याची गाडी ऐनवेळी आलीच नाही आणि एक इंजेक्शन हुकलं. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "पडदा तुमची अडचण बघत नाही, तारीख बघतो." पुढची पंचवीस वर्षं मुदत ठेवींच्या पावत्यांवर तारखा लिहिणार असलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. घरची गाडी घ्यायची ठरली.

ठरली म्हणताच सासरवाडी जागी झाली. साडूंकडे २०२० सालची टाटांची विजेवरची नेक्सॉन होती. ती ते मला घरच्या भावात द्यायला तयार होते. मेव्हण्यानं २०२३ च्या सप्टेंबरात बाजारात आलेलं तिचंच नवं रूप घेतलं होतं. तो म्हणाला, "दाजी, जुनी घ्याल तर आयुष्यभर जुनेच दिसाल." एका रविवारी दोन्ही गाड्या आमच्या अंगणात शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. परीक्षक म्हणून मी बसलो, हातात खतावणी; डावीकडे नावे, उजवीकडे जमा. अण्णा ओट्यावर. त्यांनी एकतीस वर्षं एस.टी. हाकून कोपरगाव आगारातून निवृत्ती घेतलेली. त्यांनी तोंड उघडलं नाही, म्हणजे ते लक्ष देऊन बघत होते.

आधी मुखडा. २०२० च्या गाडीला जागोजागी निळ्या रेघा होत्या. मी विजेवर चालते हो, असं ती रस्ताभर सांगत जायची. नव्या रूपात त्या रेघा गेल्या. हे मला पटलं. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर नवरदेवानं मुंडावळ्या उतरवायला हरकत नाही. मात्र दिव्यांचं गणित चमत्कारिक. जुन्या गाडीचे दिवे जिथं डोळे असावेत तिथंच होते. नवीत तिथं नुसत्या भुवया उरल्या आणि डोळे गालांवर उतरले. दोन भुवयांना जोडणारी एक लांबलचक उजेडाची पट्टी. गाडी उघडली की ही पट्टी इकडून तिकडे लहरत स्वागत करते आणि बंद केली की निरोप घेते.

"एवढं तर आपल्या घरी जावयालासुद्धा कुणी करत नाही," मी म्हणालो. सौभाग्यवतींनी ऐकलं नाहीसं केलं.

मुखडा बदलून जुन्या गाडीला नवी म्हणायची रीत आपल्याकडे नवी नाही. अँबॅसॅडरचा १९६२ साली मार्क टू झाला, १९७५ साली मार्क थ्री, १९७९ साली मार्क फोर. दर वेळी नजरेत भरायची ती मुख्यतः पुढची जाळी. तरी लोक शेजाऱ्याला अभिमानानं सांगत, "आमची मार्क फोर!" कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटचं तर सत्तरच्या दशकात नावच बदललं आणि ती पद्मिनी झाली. सांगायचा मुद्दा हा, की गाडीचं तोंड हे मालकासाठी नसतंच. मालक आत बसलेला असतो. ते शेजाऱ्यासाठी असतं. म्हणून मी मुखड्याचा जमाखर्च शेजाऱ्यांच्या खात्यावर टाकला आणि पान उलटलं.

पण ही पट्टी एका बाबतीत कामाची निघाली. गाडी चार्जिंगला लावली की किती भरली ते ती उजेडानं दाखवते. रात्री खिडकीतून डोकावलं की कळतं. आणि मागची बाजू बघून तर अण्णा ओट्यावरून उठले. मागंही या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दिव्याची पट्टी. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यावर काय चालतं हे बाहेरगावच्या माणसाला कळायचं नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर रस्ताभर लोंबणारा ऊस आणि मागं दिवा असला तर दैवयोग. अण्णा म्हणाले, "ह्ये चांगलं. रुंदी कळती. मागून येणाऱ्याला पुढं किती गाडी हाये त्ये दिसाया पायजे." दिवसभरात त्यांनी दिलेला हा पहिला शेरा. मी तो जमेला धरला.

मग आत शिरलो. जुन्या गाडीत सात इंची पडदा, नव्या वरच्या प्रकारात सव्वाबारा इंचांहून मोठा. आमच्या घरातला पहिला टी.व्ही. याहून फार मोठा नव्हता. चाकाला दोनच आऱ्या, मधोमध उजळणारं बोधचिन्ह. हँडब्रेकचा दांडा जाऊन मेव्हण्याच्या गाडीत बोटभर बटण आलं. आणि हवेची सगळी बटणं? पंखा आणि तापमान यांना दोन खटके ठेवलेत, तेवढा दयाळूपणा. बाकी सगळी गुळगुळीत काळी पाटी. बोट टेकवा की काम होतं. पण बोट कुठं टेकवायचं ते बघावं लागतं.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, किती स्वच्छ दिसतंय बघा!"

"स्वच्छ आहे," मी म्हणालो, "कोऱ्या चेकसारखं."

आमच्या गावाला शुक्राचार्यांचं मंदिर आहे. झारीत डोकावायला गेले आणि एक डोळा गमावून बसले, ही कथा इथं पोरासोरांना पाठ. नको त्या वेळी नको तिथं डोळा घातला की काय होतं, हे सांगायला आम्हांला परदेशी संशोधन लागत नाही. तरी ते झालेलं आहे. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकानं २०२२ साली चालत्या गाडीत ठरलेली चार कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. काचेवरचं धुकं घालवा, रेडिओ लावा, असली साधी कामं. बटणांची २००५ सालची जुनी व्होल्वो दहा सेकंदांत मोकळी झाली. नव्या पडदेवाल्या गाड्यांतल्या सर्वांत मंद गाडीला ४४.९ सेकंद लागले. ताशी ११० च्या वेगानं तेवढ्यात गाडी १३७२ मीटर पुढं गेली होती. आमच्याकडे १३७२ मीटरांत किती ट्रॉल्या येतात, ते हंगामावर अवलंबून. युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या यूरो एनकॅपनंसुद्धा २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना हाताला लागतील अशी साधनं असण्याला गुण ठेवले. थोडक्यात, जग फिरून बटणापाशी परत आलं.

इथं मला माझा धंदा आठवला. २०१६ नंतर आपल्या नोटांचाही मुखडा बदलला. पाचशेची करडी झाली, शंभराची जांभळट. आकार लहान झाले. आम्ही काउंटरवर महिनाभर चाचपडत होतो. पण रिझर्व्ह बँकेनं एक गोष्ट सोडली नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पाचशेच्या नोटेवर बोटाला लागेल असं उठावाचं वर्तुळ आहे आणि कडेला पाच रेघा. शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि चार रेघा. रंग डोळ्यांसाठी बदला, पण हाताची खूण ठेवा, हे तिथं कळलं. मोटारीच्या कारागिरांना ते का कळू नये? नोट मोजताना निदान समोरून ट्रक येत नसतो.

एवढी जळजळ नावे टाकल्यावर मी उजवीकडची बाजू बघितली आणि जरा वरमलो. कारण जे दिसत नव्हतं ते तिथं होतं. २०२० च्या गाडीत हवेचे फुगे दोन, नव्या रूपात सगळ्या प्रकारांत सहा. २०२४ साली भारत एनकॅपच्या चाचणीत तिला पाच तारे मिळाले. हळू चालताना ती मुद्दाम आवाज करते, म्हणजे बाजारातल्या गायीला निदान कळेल की कुणी आलंय. उलट गाडीतून वीज बाहेर काढून घरातली यंत्रं चालवायची सोयही आहे. ते कळताच सौ.नी पहिल्यांदाच गाडीत रस घेतला. "म्हणजे वीज गेली तरी मिक्सर चालेल?" पुढं त्यांनी पुरणाचा विषय काढला, तो मी घाईनं बंद केला.

मेव्हण्याची सर्वांत मोठी फुशारकी होती पल्ल्याची. ३१२ चे ४६५ झाले म्हणून. मी खतावणी उघडली. मोठी, ४०.५ किलोवॉट-तासांची बॅटरी २०२२ सालीच आली होती; तेव्हाचा कागदावरचा पल्ला ४३७. म्हणजे नव्या रूपाच्या खात्यावर जमा फक्त २८ किलोमीटर. लहान बॅटरीत तर ३१२ चे ३२५, म्हणजे तेरा. मेव्हणा गप्प झाला. पण मीही झालो, कारण नाशिकचा हिशेब माझ्यापुढं होता. कागदावरचे ३१२ रस्त्यावर ३१२ नसतात, हे पेट्रोलच्या मायलेजनं आपल्याला आधीच शिकवलंय. जुन्या गाडीनं परत येताना सिन्नरच्या पुढं माझे डोळे काट्यावर आणि अण्णांचे पट्टीखाली, हे चित्र मला झेपेना.

शेवटी अण्णा मेव्हण्याच्या गाडीत चालकाच्या जागी बसले. चालवण्यासाठी नव्हे, ते सुख आता संपलं. त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढं केला. चाक सापडलं. वायपरची दांडी सापडली. पंख्याचा खटका सापडला. मग बोटं त्या काळ्या पाटीवर फिरली, फिरली आणि थांबली.

"पुढच्या काचंचं धुकं घालवायचं कुठं हाये?"

मेव्हण्यानं दाखवलं. अण्णा म्हणाले, "दाखवू नको. दिसतं तवर समद्यांनाच दिसतं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सौ. घरात गेल्या आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. एक बारीक, खड्याची टिकली त्यांनी त्या खुणेच्या अगदी शेजारी चिकटवली आणि अण्णांचं बोट तिच्यावर नेऊन ठेवलं. अण्णांनी पुन्हा डोळे मिटले, हात मागं घेतला, पुढं नेला. पहिल्या झटक्यात सापडलं.

"आता घे," ते मला म्हणाले.

मी घेतली. त्याच रूपातली, २०२४ साली आलेल्या ४५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीची. कर्जाचा हप्ता पगारातून जातो आणि इंजेक्शनाची एकही तारीख चुकलेली नाही. पाटीवर आता तीन टिकल्या आहेत. मेव्हणा बघतो आणि हळहळतो, की गाडीची शोभा गेली. एवढे कारागीर, एवढे लाखो रुपये खर्चून रूप बदललं; त्यात राहिलेली कसर पाच रुपयांच्या पाकिटानं भरून निघाली. पाकिटात अजून नऊ शिल्लक आहेत. पुढचं नवं रूप येईल तेव्हा लागतील.