चित्र एक, कविता एकेकट्या

चित्रावरून कविता लिहिण्याची मराठीत सध्या चलती आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या साहित्य समूहांत सकाळी एक चित्र पडते, संध्याकाळपर्यंत चारोळ्यांचा ढीग जमतो आणि रात्री ई-सन्मानपत्रे वाटली जातात. नवी मुंबईतले हौशी कवीही यात मागे नाहीत. पण याला एकत्र लिहिणे म्हणवत नाही. सगळे चित्राकडे बघतात, आधीच्याने काय लिहिले ते कुणी वाचत नाही. सूर्य उगवताना दिसला की सगळ्यांच्याच ओळींत आशा उगवते. सुरकुतलेला हात दिसला की माय आठवते. चित्र कुणाचे, हे बहुधा लिहिलेलेच नसते. कवीच्या नावाशेजारी प्रताधिकाराची खूण मात्र न चुकता असते!

आपल्याकडे याहून सकस परंपरा होती. जात्यावर दोघी बसत. एकीने ओवी टाकली की दुसरी ती उचलून पुढे नेई. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या ओवी-संकलनाच्या प्रकल्पात अशा लाखाहून अधिक ओव्या जमल्या. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी तर चित्रच पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्याने गातात. मुख्य गायक कथा सांगतो, साथीदार वाद्यांवर आणि गाण्यात साथ देतात. चित्र बदलले की कथाही पुढे सरकते. शब्दांना चित्राच्या मागून यावे लागते. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

आधुनिकांत चित्र आणि कविता एकाच हातात आली खरी. कवी अरुण कोलटकर जे. जे. कलाशाळेत शिकले, दिलीप चित्रे रंगवत, र. कृ. जोशींनी अक्षरालाच चित्र केले. पण हे सारे एकांड्याचे काम. अच्युत पालव यांनी नवी मुंबईत सुलेखनाची शाळा चालवली, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वाट शब्दाकडून चित्राकडे जाते. उलट्या वाटेवर, तीही चारचौघांनी मिळून, फारसे कुणी चाललेले दिसत नाही.

खरे तर या शहरात चित्रांना तोटा नाही. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने महापालिकेने भिंती रंगवल्या, त्यांवर फ्लेमिंगो उतरले. 2024 मध्ये पाण्याची वाट अडलेल्या नेरुळच्या डीपीएस तलावाजवळ खरेखुरे फ्लेमिंगो मेले. भिंतीवरच्या गुलाबी पक्ष्याला यावर काय विचारावे, हे एका कवीला झेपणारे नाही. पहिल्याने पक्ष्याच्या रंगाचे कौतुक केले, तर दुसऱ्याने त्याला अडवायला हवे, तिसऱ्याने तलावाचे पाणी कुणी अडवले ते शोधायला हवे. एकत्र लिहिण्याचा अर्थ तिथे लागेल.

वाशीच्या साहित्य मंदिरात पुढचे कविसंमेलन ठरवणाऱ्यांना म्हणून एक विनंती. या वेळी सन्मानपत्रे छापू नका. चित्रकाराला मानधन देऊन बोलवा, त्याचे नाव फलकावर घाला, आणि पाच कवींना मिळून एकच कागद द्या.