पहिलीतलं पोर आणि कविता

पहिलीतल्या पोराला शाळेत कविता भेटते ती पाठ करायला. सगळ्यांनी उभं राहून, हातवारे करत, एका सुरात. पाऊस, चांदोबा, मनीमाऊ. या कवितांशी माझं भांडण नाही. पोरं त्या आनंदानं म्हणतात, ताल अंगात मुरतो तो असाच. भांडण पुढं आहे. कविता म्हणजे लांबच्या कुणा मोठ्या माणसानं केलेली वस्तू, आपलं काम ती न चुकता म्हणून दाखवणं, हे सहाव्या वर्षी डोक्यात बसतं. एकदा बसलं की कित्येकांच्या डोक्यातनं ते जन्मभर निघत नाही.

आणि भाषा? घरी 'व्हतं', 'न्हाई' बोलणारं पोर वर्गात तोंड उघडतं आणि वर्ग हसतो. मी 'पानी' म्हणालो म्हणून गुरुजींनी माझ्याकडनं दहा वेळा 'पाणी' म्हणवून घेतलं. 'न'चा 'ण' झाला. पण त्या पाण्याबद्दल मला काय सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

दोस्तहो, ही लढाई आपण साहित्यात लढलो आहोत. १९७२ साली नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' आलं आणि कवितेची भाषा कुणाची, हा सवाल भर चौकात उभा राहिला. आज आपल्या कवितेवर प्रबंध लिहिले जातात. पण विद्यापीठात जिंकलेली ही लढाई पहिलीच्या वर्गापर्यंत गेलीच नाही.

आपला वारसा मात्र तिथलाच आहे. सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' १८५४ चं. पोरांना शिकवणारी बाई स्वतः कविता लिहीत होती. पुढच्याच वर्षी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली कोवळ्या वयाची पोर मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतो. वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता, असं ती विचारते. हे कुणी पाठ करून घेतलेलं नव्हे. शाळेनं अक्षर दिलं, सवाल पोरीचा स्वतःचा होता.

१९७२ च्या पँथरनं नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरकडनं घेतलं. मग तिथल्या पोरांच्या कवितेकडंही बघू. १९६८ साली केनेथ कोक हा गोरा कवी न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेत कविता शिकवायला गेला. १९७० साली त्यानं त्यावर 'विशेस, लाइज अँड ड्रीम्स' हे पुस्तक काढलं. त्याची रीत साधी. यमकाची सक्ती नाही. 'मला वाटतं की...' अशी एक सुरुवात द्यायची, प्रत्येक पोरानं एक ओळ करायची, सगळ्या जोडून वर्गाची एक कविता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलायचं, मोठ्यानं उतरवायचं. त्याच साली जून जॉर्डन या काळ्या कवयित्रीनं टेरी बुश या शिक्षिकेबरोबर 'द व्हॉइस ऑफ द चिल्ड्रन' काढलं. त्यात काळ्या आणि पोर्तो रिकन पोरांच्या कविता. ही पोरं वयानं थोडी मोठी. कोकनं पोरांना खोटं बोलायची, स्वप्नं बघायची मोकळीक दिली. जॉर्डननं त्यांच्या गल्लीला, त्यांच्या बोलीला छापलेलं पान दिलं. आपल्याला दोन्ही पाहिजे.

कारण आपणही काही वेगळं करत नाही. १४ एप्रिलला सहा वर्षांच्या पोराला स्टेजवर उभं करतो आणि मोठ्यांनी लिहिलेली क्रांती त्याच्याकडनं म्हणवून घेतो. टाळ्या पडतात. शाळा चांदोबा भरवते, आपण सूर्य भरवतो. घास दुसऱ्याचाच. बाबासाहेबांचं गाणं पोरानं जरूर म्हणावं. पण नुसतं पाठांतर करणारं पोर उद्या कुणाचंही पाठ करील.

रातपाळी सुटली की रविवारी मी विहारात पहिली-दुसरीची पोरं घेऊन बसतो. अक्षर अजून त्यांच्या हातात बसलेलं नसतं, म्हणून लिहायला लावत नाही. 'आमच्या नळाला...' एवढंच म्हणतो. एक पोरगी म्हणाली, 'आमच्या नळाला रातचं पानी येतं, आई झोपतच न्हाई.' फळ्यावर 'पानी'च लिहिलं. सगळ्यांनी वाचलं. तिनंही बोट ठेवून वाचलं, कारण ओळ तिचीच होती. 'पाणी' तिला पुढं शिकवायचंच आहे, परीक्षा त्या भाषेत असते. पण गिरणीत सूत तुटलं तर आपण ते सांधतो, भरलेली बाबीन फेकून देत नाही.

एक सांभाळा. पोर भोवऱ्यावर बोललं तर भोवऱ्यावर बोलू द्या. दुःखच सांग, असा तगादा लावू नका. आपल्या पोरांना गंमत करायचाही हक्क आहे, तोही आजवर कुणी दिलेला नाही.

जूनमध्ये शाळा सुरू होतात. वस्तीतल्या अभ्यासवर्गात एक फळा, एक खडू, आठवड्याला अर्धा तास एवढं काढा. पोरांच्या ओळी जशाच्या तशा उतरवून धाडा, न सुधारता. आपल्या अंकाची दोन पानं त्यांच्यासाठी ठेवायला हवीत, माझी कविता मागं राहिली तरी चालेल.

जयभीम.