कलश आणि सीमा

बेंगळूरच्या आनेकल तालुक्यात अत्तिबेले येथे कर्नाटकाची हद्द संपते. पलीकडे तमिळनाडूतील होसूर. कावेरीच्या पाण्याचा वाद पेटला की या नाक्यावर वाहने अडवली जातात, आणि अडवणारे व अडलेले दोघेही नदीला माताच म्हणतात. त्याच आनेकलात द्रौपदीच्या उपासनेचा करग उत्सव होतो. करग म्हणजे मस्तकावर वाहिलेला कलश. तो वाहण्याचा मान तिगळ समाजाकडे असतो आणि ‘तिगळ’ हे नावच कन्नडमध्ये तमिळशी जोडलेले आहे. विधीमध्ये प्रतीक भाषांची हद्द ओलांडते. राजकारणात तेच हद्द आखते. मराठी सीमालढ्याच्या वाङ्मयाकडे पाहतानाही हा भेद ध्यानी घ्यावा लागतो.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. हा दिवस कर्नाटकात राज्योत्सव, तर सीमाभागातील मराठी भाषकांत काळा दिवस म्हणून पाळला जातो. एका बाजूस भुवनेश्वरी देवी आणि हळदीकुंकवाचे रंग मानला जाणारा पिवळा-तांबडा ध्वज. दुसऱ्या बाजूस 1960 सालचा मंगल कलश आणि 105 हुतात्मे. वाद भाषेचा असला, तरी दोन्ही पक्षांची परिभाषा देवघरातली आहे.

यातील ‘हुतात्मा’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पिलेले. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात पडलेल्या सामान्य माणसांना या शब्दाने प्रतिष्ठा दिली, हे त्याचे ऋण नाकारता येत नाही. परंतु मृत्यू आहुती ठरला की गोळी कोणी झाडली, हुकूम कोणाचा होता, हे प्रश्न यज्ञाच्या धुरात पुसट होतात. शिवाय ज्या भूमीसाठी आहुती पडली, तिच्याविषयी देवघेव करणे हा प्रमाद ठरतो. पावित्र्याची भाषा लढ्याला बळ देते. तडजोडीला मात्र जागा ठेवत नाही.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’चे मोल या पार्श्वभूमीवर कळते. तीत खंडित महाराष्ट्राचे दुःख पोटासाठी मुंबईला आलेल्या पुरुषाच्या विरहातून उमटते. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे त्या विरहाच्या ओघात येतात. मैना पूजेची मूर्ती नसून गावी मागे राहिलेली स्त्री आहे. पूजेला भक्त लागतो, विरहाला माणूस पुरतो. म्हणूनच ही रचना लढाऊ असूनही पलीकडच्या माणसाला शत्रू न मानता वाचता येते.

धर्मपरंपरेतही दुसरी वाट होतीच. ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगात विठ्ठल कानडा आहे, आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये या दैवताचा दाक्षिणात्य अनुबंध साक्षेपाने उलगडला. ज्या दैवताने मराठीला तिची वाणी दिली, त्याला सीमेच्या एका बाजूस कोंडता येत नाही.

महाजन आयोगाचा 1967 सालचा अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या मागणीची सूत्रे खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही आहेत. ही भाषा रूक्ष खरी, पण तीत निदान सीमेवर राहणाऱ्याला मत आहे. कलशाच्या भाषेत त्याला केवळ मस्तक असते. सीमालढ्याच्या वाङ्मयाची कसोटी इथेच लागते : त्यात भूमीची पूजा किती झाली, यापेक्षा त्या भूमीवरच्या माणसाचा आवाज किती ऐकू आला, हे महत्त्वाचे.